दीड किलोचा संशय

मित्रांनो, बाळांची वजनं करणारा एक जुना काटा मी, आणि आज मी चिडलेलो आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हातारपणी चिडचिड वाढते म्हणतात. तसं समजा हवं तर. पण माझी हकीकत पुरती ऐका आणि मग ठरवा, माझं कुठे चुकतंय.

काटा म्हणजे पायात रुततो तो नव्हे. दुकानातला, पारड्यांचाही नव्हे. माझं रूप अगदी साधं आहे. थाळीएवढी गोल तबकडी, तिच्यावर आकडे, मधोमध एक काळी सुई. वर टांगायला कडी, खाली हूक, आणि हुकाला लोंबणारी निळ्या जाड कापडाची झोळी. झोळीला पाय घालायला दोन भोकं. पोटात एक स्प्रिंग. बाळ झोळीत बसलं की स्प्रिंग ताणते, सुई सरकते आणि बाळाचं वजन सगळ्यांना कळतं.

कारखान्यात माझी शेवटची परीक्षा जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या एका बाईंनी घेतली. त्यांनी पितळी वजनं माझ्या हुकाला पाच-पाच वेळा लावून पाहिली. माझी सुई एकदाही केसभर इकडेतिकडे झाली नाही. "शहाणा आहेस," त्या म्हणाल्या. एवढी एकच शाबासकी, पण ती मी आयुष्यभर जपली. खरं तेच दाखवायचं, कोणाची भीड ठेवायची नाही, असं मी तिथेच ठरवून टाकलं. खरं दाखवल्याने कोणाचं वाईटही होऊ शकतं, हे तेव्हा माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

माझी नेमणूक बालतपासणी केंद्रात झाली. लाकडी सामानाच्या गोदामावरच्या दोन खोल्या. पहिलीत बाकं, दुसरीत छताच्या तुळईला मी. दर बुधवारी पन्नास-साठ बाळं येत. कोणी मला बघून हसे, कोणी सुई धरायला धडपडे, कोणी झोळीत बसल्या बसल्या सगळा कार्यक्रम उरकून टाके. मी कोणावर रागावलो नाही. आयांचे डोळे मात्र माझ्यावर खिळलेले असत. वजन पाव किलोने वाढलं की त्या बाळाची पापी घेत. माझी कधी कोणी घेतली नाही. वजन उतरलं की मात्र "काटाच बिघडलाय मेला" हे ठरलेलं.

वर्षं गेली. माझ्या काचेला तडा गेला. झोळी सहा-सहा महिने धुतली जाईना. केंद्रातल्या सिस्टर मला रोज हात लावत, पण माझ्याकडे बघत नसत. आकडा वाचायचा, लिहायचा, "पुढचं बाळ" म्हणायचं. त्यांचाही दोष नव्हता. साठ बाळं आणि दोन हात.

मला मान देणारं एकच माणूस तिथे होतं. त्या ताई समाजसेविका होत्या. घरोघर जाऊन चौकशी करायची हे त्यांचं काम, म्हणून मागे सगळे त्यांना चौकशीबाई म्हणत. तोंडावर तसं म्हणायची कोणाची छाती नव्हती. घरी जाऊन बाळ बघायचं असलं की त्या मला तुळईवरून उतरवत, काच पुसत आणि आपल्या कापडी पिशवीत ठेवत. पिशवीत माझ्या शेजारी नेहमी एखादी जाडजूड रहस्यकथा असे. ताईंची वाचायची तऱ्हा न्यारी होती. चाळिसाव्या पानावरच त्या समासात पेन्सिलीने लिहून मोकळ्या होत, 'खुनी माळी'. शेवटी बहुधा दुसराच कोणीतरी निघे. मग त्या स्वतःवरच वैतागत.

आता मुद्द्यावर येतो.

एक आई कपडे धुण्याच्या कारखान्यात इस्त्रीचं काम करायची. मनगटांवर चटक्यांचे डाग. कामाच्या मधल्या सुट्टीत धावतपळत यायची आणि तशीच धावत जायची. तिची मुलगी इतकी हलकी की सिस्टरांनी तिचं नाव चिमणी पाडलं होतं. सहाव्या महिन्यात चिमणी सहा किलो दोनशे ग्रॅम होती. सातव्यात सहा किलो शंभर. आठव्यात सहा. झोळीत ती ओल्या फडक्यासारखी लोंबकळायची. रडायचीसुद्धा नाही.

सिस्टर म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात अजून उतरलं, तर मला वर कळवावं लागेल हं. माझ्या हातात काही नाही."

 आईने चिमणीला झोळीतून असं उचललं, जणू कोणीतरी हिसकावणारच आहे.

पुढच्या महिन्यात ती आली. बाळाच्या अंगात झालरीचा फ्रॉक, डोक्याला टोपडं, कानावरून रुमाल. "सर्दी झालीय, कपडे काढू नका," आई खालच्या आवाजात म्हणाली. सिस्टरांनी बाळ झोळीत ठेवलं, आणि मित्रांनो, मी हादरलो. बाळाने दोन्ही पायांनी अशी सणसणीत लाथ झाडली की माझी कडी करकरली. त्याने झोळीचा पट्टा मुठीत पकडून तोंडात घातला. ही चिमणी नव्हती! माझी सुई साडेसातवर जाऊन थांबली. मी आणखी काय करणार? मला आकडा दाखवता येतो, बोट दाखवता येत नाही.

"अगं बाई, साडेसात!" सिस्टर टाळी वाजवून म्हणाल्या.

आतून केंद्राचे डॉक्टर आले. त्यांना वर्षभर मुख्य कार्यालयाला दाखवण्यासारखं काही मिळालं नव्हतं. त्यांनी लगेच फोटो काढला. दोन दिवसांत तो मोठा होऊन केंद्राच्या फळ्यावर लागला. खाली ठळक अक्षरं, 'आमची सुदृढ कन्या'. फोटोतलं बाळ हसत होतं. समोरच्या तुळईला लटकून मी नुसता जळत होतो.

ताईंनी नोंदीचं कार्ड पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "एका महिन्यात दीड किलो? बाळ आहे का फुगा?"

"ताई, मूल वाढलं तर तुम्हाला त्रास का होतो?" डॉक्टर म्हणाले.

"वाढलं तर होत नाही हो. पण हे वाढणं नव्हे."

सिस्टरांना हा विषय मिटवायचा होता. "काटा जुना आहे," त्या म्हणाल्या, "मारत असेल अधूनमधून उड्या."

उड्या! मी! माझ्या स्प्रिंगला कापरं भरलं. पण ताई तडक जिना उतरल्या आणि पाण्याच्या सीलबंद बाटल्या घेऊन आल्या. एक लिटरच्या सात, अर्ध्या लिटरची एक. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे तुम्हीही शाळेत शिकला असाल. ताईंनी एकेक बाटली झोळीत ठेवली. एक, दोन, तीन... मी दर वेळी चोख उत्तर दिलं. प्लास्टिकच्या बाटल्यांचं चिमूटभर वजनसुद्धा सोडलं नाही.

"काटा खरा आहे," ताई म्हणाल्या. त्या दुपारइतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

पण काटा खरा, तर मग खोटं कोण? इथे ताईंचं ते चाळिसावं पान आडवं आलं. त्यांनी डायरीत पेन्सिलीने लिहिलं, 'सिस्टर'. वर कळवायची कटकट नको म्हणून सिस्टरांनीच आकडा वाढवून लिहिला, असा त्यांचा तर्क. आणि त्या तो सरळ तोंडावर बोलून बसल्या.

सिस्टरांच्या हातातली लेखणी खाली पडली. "बावीस वर्षं झाली मला या खोलीत. माझ्या लेकीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा मी इथे होते. आणि तुम्ही मला लबाड म्हणता?" त्या पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. डॉक्टरांनी ताईंना बोलावून सुनावलं, "ते खुनाखुनाचं वाचणं बंद करा आधी. डोक्यात जातंय ते तुमच्या."

ताईंनी सिस्टरांची माफी मागितली. सिस्टरांनी ऐकून घेतलं, पण त्यांच्याशी बोलणं टाकलं. कार्डं नुसती पुढे सरकवू लागल्या. ताई दोन दिवस माझ्याखालच्या स्टुलावर बसून पेन्सिल चावत राहिल्या. मी वर लटकलेला. सगळं मला ठाऊक, आणि सांगायला तोंड नाही. 'अहो, वर बघा! मला विचारा!' असं किती वेळा मनात ओरडलो! मनातलं ओरडणं कोणाला ऐकू जातं?

तिसऱ्या दिवशी ताई उठल्या आणि मला पिशवीत टाकून कार्डावरच्या पत्त्याकडे निघाल्या.

टायर दुरुस्तीच्या दुकानावरून एक लोखंडी जिना जात होता. वर चार खोल्या. इस्त्रीवालीच्या दाराला कुलूप. शेजारच्या खोलीतून शिवणयंत्राची खडखड येत होती. दार उघडंच होतं. आत एक दांडगी शिंपीण उशांचे अभ्रे शिवत बसली होती, आणि तिच्या पायाशी एक गुटगुटीत बाळ उघडंनागडं बसून दोऱ्याचं रीळ चघळत होतं.

ताई उंबऱ्यातच थबकल्या. तो चेहरा त्यांनी फळ्यावर रोज पाहिला होता.

"किती गोड आहे हो मुलगी!" त्या म्हणाल्या.

"मुलगी कसली? मुलगा आहे. दिसत नाही का?" शिंपीण मान वर न करता म्हणाली.

"दिसतंय ना. पण आमच्या फळ्यावर तो कन्या म्हणून लागलाय."

यंत्र थांबलं. शिंपिणीने पहिल्यांदा ताईंच्या पिशवीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तेवढ्यात मागच्या पडद्याआडून एक बारीक आवाज आला. धड रडणंही नाही, मांजराच्या पिलासारखं काहीतरी.

"मी याला नुसता तासभर तिच्या कडेवर दिला हो," शिंपीण घाईघाईने म्हणाली. "ती दिवसभर कामाला. तिची पोर मीच सांभाळते. पायाच पडायला लागली, मग काय करणार?"

ताईंनी पडदा सारला. पाळण्यात चिमणी होती. ताईंनी मला दाराच्या चौकटीला टांगलं आणि तिला झोळीत ठेवलं. पाच किलो सहाशे. ताईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. माझी सुई हलायला तयार नव्हती. मलाच ती ओढून वर न्यावीशी वाटली. आयुष्यात पहिल्यांदा असं वाटलं.

चार वाजता आई आली. ती चिमणीकडे नाही, ताईंकडे नाही, थेट माझ्याकडे बघत राहिली.

"याला कशाला आणलंत इथे?" ती म्हणाली. "माझ्या थोरलीला यानेच नेलं."

मग ते सगळं बाहेर पडलं. तीन वर्षांपूर्वी तिची थोरली मुलगी दोन वर्षांची होती. तेव्हा दुसऱ्याच एक अधिकारी बाई आल्या होत्या. त्यांनी एकदा, फक्त एकदाच वजन केलं आणि म्हणाल्या, पोर फार बारीक आहे, तू दिवसभर कामावर, दोन महिने संस्थेत ठेवू, भरली की आणून देऊ. त्या दोन महिन्यांची तीन वर्षं झाली. मुलगी दुसऱ्या शहरात आहे. वर्षातून दोनदा अर्धा तास भेट. कागदावर लिहिलंय, 'घरची परिस्थिती अनुकूल नाही'.

"तीच ती तडा गेलेली काच," ती म्हणाली. "मी विसरेन होय?"

मला ती थोरली आठवली. आठ किलो शंभर. मी अगदी बरोबर दाखवलं होतं. त्या आकड्याचं पुढे काय झालं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. इतकी वर्षं आपल्या खरेपणाचा तोरा मिरवला, तो त्या चौकटीवर लटकल्या लटकल्या उतरला.

ताईंनी हळूच विचारलं, "हिला दूध वगैरे नीट देतेस ना?"

"मी उपाशी राहीन, पण तिला कमी पडू देणार नाही!" आई कडाडली.

"मग अंगी का लागत नाही, ते शोधलं पाहिजे. मोठ्या दवाखान्यात नेऊ या."

"नेऊ या म्हणजे ठेवून घेऊ या."

"तू तिच्यासोबत राहायचंस. सगळे दिवस. तुझ्या मुकादमाशी मी बोलते."

"आधीच्या बाईसुद्धा असंच गोड बोलल्या होत्या."

  ताई तशाच जमिनीवर बसून राहिल्या. शेवटी शिंपिणीनेच आपलं पोर उचलून कडेवर घेतलं आणि म्हणाली, "हे बघ, किती महिने माझं पोर पुरवणार आहेस तू? तुझी पोर वजनाला उरली तर पाहिजे ना!"

आई खाली बसली आणि रडली. मग तिने चिमणीची दोन झबली गाठोड्यात बांधली.

दवाखान्यात अकरा दिवस लागले. चिमणीला लघवीचा संसर्ग होता. ताप नाही, खोकला नाही, आतल्या आत पोखरणारा. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "आईने काही कमी केलेलं नाही. हे औषधाशिवाय बरं होणारं नव्हतंच." पुढच्या बुधवारी चिमणी पाच किलो नऊशे भरली. माझी पापी घ्यावी असं काही त्या आईला वाटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

तुम्हाला वाटेल, गोष्ट संपली. इथूनच तर माझा खरा वैताग सुरू होतो.

मुख्य कार्यालयाने खुलासा मागवला. आधी सहा, मग साडेसात, मग पाच किलो नऊशे, हे काय गौडबंगाल आहे? डॉक्टरांनी मला उतरवून आपल्या टेबलावर ठेवलं, जसा काही मी आरोपी. समोर ताई आणि सिस्टर.

"खरं लिहिलं," डॉक्टर म्हणाले, "तर आईने फसवणूक केली असं लिहावं लागेल. मग तेही मूल जाईल. आणि माझ्या फळ्यावर मुलगा कन्या म्हणून लागला होता, हेही लिहावं लागेल. त्यापेक्षा काटा सदोष होता म्हणून टाका. काट्याला काय फरक पडतो?"

काट्याला काय फरक पडतो! ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खरा आहे हे साऱ्या जगात पाण्याच्या बाटल्या मोजून सिद्ध करणारी ती एकटी बाई. मला वाटलं, आता या टेबलावर हात आपटतील.

डॉक्टरांनी सिस्टरांना विचारलं, "काय हो, मारतो ना हा उड्या?"

सिस्टरांनी बाटल्यांचा प्रयोग डोळ्यांनी पाहिला होता. त्यांनी ताईंकडे पाहिलं. किती दिवसांनी त्या दोघींची नजर भेटली. "हो," सिस्टर म्हणाल्या, "मारतो."

ताईंनी कागद पुढे ओढला. थोडं लिहून त्या थांबल्या. "कधीपासून सदोष, ते लिहावं लागेल."

"लिहा हो काहीही. जुनाच आहे तो."

ताईंनी शांतपणे लिहिलं, 'निदान गेली चार वर्षे'. डॉक्टरांनी न वाचता सही ठोकली. ताईंनी त्याची एक प्रत मागून घेतली, नीट घडी करून डायरीत ठेवली आणि बाहेर आल्यावर जिन्यात मला म्हणाल्या, "माफ कर रे बाबा."

मला तेव्हा काहीच कळलं नाही. मी इतका संतापलो होतो की त्यांच्याशी मनातल्या मनातसुद्धा बोललो नाही. माझ्या तबकडीवर 'नादुरुस्त' असा कागद चिकटवून मला कोठीच्या खोलीत टाकलं. माझ्या जागी दिव्यांचे आकडे दाखवणारा नवा काटा आला. फळ्यावरचा फोटो शिंपीण येऊन घेऊन गेली. म्हणे, आमच्या पोराचा इतका चांगला फोटो दुसरा नाही.

कोठीला लागूनच आयांच्या रांगेचा व्हरांडा आहे. तिथलं बोलणं मला ऐकू येतं. त्यातूनच मला कळलं की ताई अर्जांवर अर्ज करतायत. एकाला उत्तर नाही. दुसरा चुकीच्या खिडकीवर दिला म्हणून परत. तिसरा हरवला. चौथ्याच्या वेळी साहेब रजेवर. पण दर अर्जाला त्या तोच कागद जोडत होत्या. तीन वर्षांपूर्वी ज्या वजनावरून थोरलीला नेलं, ते वजन ज्या काट्यावर झालं, तो काटा सरकारी सहीनेच चार वर्षं सदोष आहे. मग त्या हुकमाला आधार काय राहिला?

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

सात महिने लागले. एका बुधवारी व्हरांड्यात इस्त्रीवालीचा आवाज आला आणि त्यासोबत एका पाच-सहा वर्षांच्या मुलीचा. मुलगी आईला 'अहो' म्हणत होती. "अहो, मी कुठे बसू?"  आई म्हणाली, "इथे बस. माझ्याजवळ."  सिस्टरांनी नव्या काट्यावर चिमणीचं वजन केलं आणि आकडा मोठ्याने वाचला. मी तो नीट ऐकलासुद्धा नाही.

मित्रांनो, मी अजून चिडलेलोच आहे. एका पोरीला घरी आणायला खरं पुरलं नाही, खोटा कागद लागला, याचा मला राग येतो. त्या आईला दीड किलोचं सोंग आणावं लागलं, याचा त्याहून जास्त येतो. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातलं कोणी आकडे वाचायच्या जागी बसेल. तेव्हा आकडा जरूर वाचा, पण त्याखाली उभ्या असलेल्या माणसाला दोन प्रश्न विचारल्याशिवाय तो लिहू नका. आणि कधी या कोठीत आलात, माझ्यावरची धूळ पुसावीशी वाटली, तर अवश्य पुसा. झोळी धुतलीत तर उपकार होतील. फक्त तबकडीवरचा तो 'नादुरुस्त'चा कागद तेवढा काढू नका. तो तसाच राहू द्या.